मोसंबी आणि पिंजरा

"काका, मोटर बंद करा! ठिणगी मरून राह्यली!" मी गाडीतून असा बोंबललो की घनसावंगीच्या बसस्टँडवरची माणसं दचकली असतील. वेल्डिंगचा करपट वास आला की अजून तीच दुपार आठवते. गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून रॅलीच्या, म्हणजे शर्यतीच्या गाडीत आतून पाइपांचा पिंजरा बसवतात. तो मी शेतातल्या शेडमध्ये स्वतःच जोडत होतो, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी होती. त्या एका रॅलीपायी मी कारखान्यातली नोकरी सोडली होती. पण थ्री-फेज लाइट आली की चुलते विहिरीवरची मोटर चालू करायचे, आणि माझं मशीन दमेकऱ्यासारखं खोकायला लागायचं. काका बांधावरून ओरडले, "मोसंबी वाळून राह्यली! तुझी गाडी वाळती का?" मंग मी तसंच रेटलं. सांधे वरून इतके देखणे झाले की सराफाने दुकानात मांडावेत. तपासणीवाल्याने हातोडीचा एक ठोका दिला आणि पहिला सांधा सुटला; दुसरा तर, देवाशपथ, हातोडी बघूनच सुटला. विजेच्या कमी दाबामुळे लोखंड आत मुरलंच नव्हतं. गाडी बाद झाली आणि ट्रॉलीवर लादून घरी आली. आज तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. परवा काकांना म्हणालो, "तुम्ही एक घंटा मोटर बंद ठेवली असती, तर मी रॅलीत पळालो असतो." काका म्हणाले, "मोसंबी तरी कुठं वाचली?"