दोरीवरचा हात

"हात पुढे कर," भाऊसाहेब म्हणाले.

मी केला. मला वाटलं, पुस्तक देतायत.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळवा ओसरीवर बसलेल्या मुलांकडे फिरवला. "हे घट्टे बघा. दोरीचे आहेत. ह्या लोकांचा इतिहास तुम्हाला कागदावर मिळणार नाही. तो इथे आहे." मुलं पुढे वाकली. त्यांच्यातल्या विनूने पेन्सिलीचं टोक माझ्या अंगठ्याखालच्या जाड कातडीवर दाबलं आणि मला नाही, भाऊसाहेबांना विचारलं, "हिला लागत असेल का हो?"

मी खालच्या पायरीवर उभी होते. पहाटे विहिरीवर अंग घासघासून आले होते. तरी एकाने नाकाला रुमाल लावलाच होता.

भाऊसाहेब मुंबईच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि मालवणात वरच्या आळीतल्या आपल्या घरी येऊन राहिले होते. मॅट्रिक होऊन कॉलेजात समाजशास्त्र घेणाऱ्या मुलांची ते मे महिन्यात तयारी करून घेत. सगळी मुलं त्यांच्याच आळीतली. मी एकटी गाबीत, खालच्या मासेमारांच्या वाडीतली. माझी आई त्यांच्या मागच्या दारी मासळी घालायची. मी मॅट्रिक झाले हे कळल्यावर त्यांनीच बोलावलं. कोल्हापूरला मुलींच्या वसतिगृहात शब्द टाकतो म्हणाले. शिकवणीचं काय द्यायचं, मी विचारलं. म्हणाले, तुझ्याकडून काही नको.

आई हरखली. "फुकट शिकयतत? मगे बरा."

मी लहानपणापासून आईबरोबर बाजारात बसलेली. फुकट मिळणाऱ्या टोपलीत तळाला काय असतं, ते मला ठाऊक होतं. तरी त्या दिवशी मी टोपली उपसून पाहिली नाही. मला शिकायचं होतं. समाज म्हणजे काय, रिवाज कुठून येतात, एक माणूस वर का बसतो आणि दुसरा पायरीवर का, हे कुठल्यातरी पुस्तकात लिहिलेलं आहे, एवढं ऐकूनच माझी झोप उडाली होती.

भाऊसाहेबांनी प्रत्येकाला एक समाज निवडून त्याचा अभ्यास करायला सांगितला. सगळ्यांनी आमची वाडी निवडली. स्वतःचं घर कुणी निवडलं नाही. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

माझं मनगट धरलं त्याच्या आदल्या दिवशी ती सगळी मुलं वाडीवर आली होती. रापण ओढायची चालली होती. होडीने समुद्रात गोल टाकलेलं लांबलचक जाळं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोरीला अख्खी वाडी. म्हातारे, बायका, सगळे. हंगाम संपत आला होता. दक्षिणेकडे आभाळ काळं धरून बसलं होतं आणि पाण्याचा रंग फिरला होता. अशा वेळी वाडीत कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलं मात्र हसत खिदळत दोरीला लागली. चार पावलं ओढून दमली. भाऊसाहेबांनी एका हाताने धोतर सावरलं, दुसरा दोरीवर ठेवला आणि विनूला म्हणाले, "काढ फोटो."

जाळं वर आलं. वाटे पडले. आमचा तांडेल म्हणजे रापणीचा पुढारी. तो म्हणाला, "दोरयेक हात, तेका वाटो." हा आमचा रिवाज. वाटसरूने हात लावला तरी त्याला वाटा मिळतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. वाटा घरी नेला की हंगाम सरेपर्यंत तुम्ही त्या दोरीचे. जाळं अडकलं, होडी उलटली, बोलावणं आलं, की उठून यायचं. तांडेलाने हेही सांगितलं. भाऊसाहेबांनी मान हलवली. सगळ्यात मोठा सरंगा त्यांना दिला गेला.

आणि दुसऱ्या दिवशी माझं मनगट धरून ते मुलांना सांगत होते, "काल तुम्ही पाहिलंत. नुसता हात लावला आणि ह्यांनी मासळी दिली. का? माझं-तुझं ही कल्पनाच अजून पक्की नाही. समाजाची ही बाल्यावस्था."

"सरंगा मात्र झकास होता," विनू म्हणाला. सगळे हसले. भाऊसाहेबसुद्धा.

माझं डोकं तापलं. माझं डोकं लवकर तापतं, आजही. मी मनगट हिसकून घेतलं.

"गेल्या आठवड्यात तुम्ही शिकवलंत, रिवाज म्हणजे न लिहिलेला कायदा. शिकवलंत ना?"

"हो. मग?"

पुढचं माझ्या तोंडून शुद्ध आलंच नाही. "वाटो खाल्ल्यात मां? आता दोरयेर येवा! उद्या पहाटे रापण आसा. सगळ्यांनी येवा."

भाऊसाहेब अगदी हळू बोलले. "तुला इथे शिकायला बोलावलं, असं तुला वाटलं?"

मी पायरी उतरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यातलं कुणी दोरीवर आलं नाही. आला तो त्यांचा गडी, तोही खळ्यावर. आम्ही ज्या खळ्यावर मासळी सुकवायचो, ती जमीन भाऊसाहेबांची होती. गड्याने भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आत आमचे बांगडे, अर्धवट सुकलेले. पावसाचे चार महिने समुद्र बंद असतो. तेव्हा खायचं ते हेच. कुंपणावर कावळे येऊन बसले. ओरडत नव्हते. नुसते बसले होते.

गड्याने निरोप आणला. पोरीने ओसरीवर येऊन मुलांसमोर माफी मागायची. मग कुंपण निघेल. वसतिगृहाचा शब्दही ते पाळतील.

आई म्हणाली, "परत उभी रव गो. उभी रवल्यान काय पाय झिजतत?"

मी आईवर ओरडले नाही. तिचा हिशेब बरोबर होता. खळं, कोल्हापूर, पुस्तकं, सगळं एका पारड्यात आणि दुसऱ्यात माझं अर्धा तास उभं राहणं. बाजारात असा सौदा आला असता तर मी डोळे मिटून घेतला असता. पण त्या ओसरीवर काय विकलं जाणार होतं, ते मला दिसत होतं. मी माफी मागितली की ते म्हणणार होते, बघा, हेही लिहून घ्या.

मी काट्यांत घुसले. टोपली भरून बांगडे बाहेर काढू लागले. थोड्या वेळाने आई आली. दुसरी टोपली तिने उचलली. दोघींचे दंड फाटले. मासळी आम्ही उलट्या होड्यांवर आणि कौलांवर पसरली. तिथे दमट वारा लागला. बरीच कुजली.

वाडी माझ्यावर उलटली. नळावर शेजारीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इली बघा प्रोफेसरीण. इचारा तिका, कुजक्या बांगड्यांका पुस्तकात काय म्हणतत." मी घागर भरून निघाले. त्या पावसात तिच्या चुलीवर काय शिजत होतं, मला माहीत होतं. आमच्याही चुलीवर तेच होतं.

कोल्हापूर राहिलं. मी सुक्या मासळीचा धंदा धरला. कट्टा गावच्या बाजारात बसले, कुडाळच्या बाजारात बसले. घासाघीस करताना मांडीखाली समाजशास्त्राचं पुस्तक असायचं. बाहेरून परीक्षेला बसले. नापास झाले. परत बसले. पास झाले. सुकवण्यासाठी स्वतःची जमीन घेतली. वाडीतल्या कुणालाही तिथे मासळी घालता येते. शेजारीणही घालते. तरी ते कुंपण माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मी ते काढायचा प्रयत्नही करत नाही.

परवा मुंबईहून एक टोळी आली. हातात वह्या, गळ्यात कॅमेरा. त्यांचे सर गोड बोलत होते. "बाई, आम्ही तुमच्या समाजाचा अभ्यास करतोय."

"करा," मी म्हटलं. "आधी तुमच्या घरचं सांगा. मोलकरीण पाणी कुठल्या भांड्यातून पिते? उंबऱ्याच्या आत कोण येत नाही? तुम्ही एक सांगा, मी एक सांगते."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी वही मिटली.

वाडीला मी सांगून ठेवलंय. ज्याने उत्तर दिलं नाही, त्याला उत्तर द्यायचं नाही. दोरीला हात लावायचा असेल त्याने ओढायची, आणि बोलावणं आलं की पहाटे उठून यायचं. फोटोपुरता ठेवलेला हात दिसला, तर तो मी उचलून बाजूला करीन. कुणाचा आहे, ते बघणार नाही.