दवाखान्याच्या कट्ट्यावरचा देव

कोळवणच्या खोऱ्यात दवाखाना बांधायचं ठरलं तेव्हा शाळेच्या वर्गात सभा भरली. नकाशे काढणारी उत्कर्षा पुण्याहून आली होती. पोरगी तिशीतली, पायात स्पोर्ट्सचे बूट, बोलणं एकदम सरळ. "दवाखाना तुमचा आहे. तुम्हाला काय काय पाहिजे ते सांगा," म्हणाली. मग काय विचारता! कुणी एक्स-रे सांगितला, कुणी सोनोग्राफी, कुणी साप चावल्यावरचं इंजेक्शन. एका बहाद्दरानं तर लिफ्ट मागितली, इमारत एकमजली असताना. भिवाजी लहान पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन मागं बसला होता. तो काहीच बोलत नव्हता, म्हणून तिनं त्यालाच विचारलं.

"आबा, तुम्हाला काय पाहिजे?"

"बसायला जागा," भिवाजी म्हणाला.

सगळा वर्ग हसला. दवाखान्यात काय बसायला जायचं असतं? कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आबा, तिथं झोपायला जात्यात." उत्कर्षा मात्र हसली नाही. सभा संपल्यावर ती त्याला शाळेच्या पायरीवर घेऊन बसली, आणि भिवाजीनं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या पोरीला सांगून टाकलं.

त्याची बायको गोजराबाई पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात जवळजवळ महिनाभर पडून होती. भेटायची वेळ संध्याकाळी एक तास. उरलेला दिवस माणसानं जायचं कुठं? भिवाजी बाकावर बसला की रखवालदार म्हणायचा, हे पेशंटसाठी आहे. जिन्यात बसला की म्हणायचा, येण्याजाण्याची वाट आहे. फाटकाशी टेकला की म्हणायचा, गाड्या येतात, बाजूला व्हा. असं करत करत त्याला पार रस्त्यापलीकडे घालवला. तिथं चहाच्या टपरीमागं एका उलट्या क्रेटवर तो दिवस काढायचा. पोरगा माऊली औषधं आणायला गेला होता, भिवाजीचा फोन टपरीवर चार्जिंगला लावलेला, आणि त्या दुपारी गोजराबाई गेली. संध्याकाळी तो वर गेला तर खाटेवर नवी चादर होती. नर्स बिचारी चांगली होती. ती म्हणाली, "आजोबा, बाई तुमचं नाव घेत होत्या. आम्ही किती हाका मारल्या हो तुम्हाला."

"मी हुतो की तितंच," भिवाजी उत्कर्षाला म्हणाला. "फकस्त रस्त्याच्या पल्याड."

तिनं त्याला तिथंच ताठ बसायला सांगितलं आणि पिशवीतून टेप काढून पायरीपासून त्याच्या डोळ्यापर्यंतचं माप घेतलं. वॉर्डाच्या भिंतीला बाहेरून लांब कट्टा, वर पत्र्याचं छप्पर, आणि खिडकीची बैठक इतकी खाली की आत उशीवर डोकं ठेवलेल्या माणसाला बाहेर बसलेलं आपलं माणूस दिसावं. असा दवाखाना तिनं कागदावर काढला. भिवाजीला नकाशातलं ओ की ठो कळलं नाही, पण कट्टा कुठं आहे ते त्यानं बोटानं बरोबर दाखवलं.

बांधकाम सुरू झालं ते भिवाजीच्या भातखाचराला लागून असलेल्या माळावर. त्याला आयतंच झालं. नाहीतरी घरात त्याचं काय होतं? माऊली आयटी कंपन्यांजवळच्या नेऱ्याला. तिथल्या जमिनीवर खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. "आबा, हिकडं या ऱ्हायला," म्हणायचा. भिवाजी एकदा गेला होता. दिवसभर जिन्यात पाठीला सॅक लावलेली पोरं खालीवर करायची, एकानं मान वर करून बघितलं असेल तर शपथ. परत आला. इथं तरी काय, आजूबाजूची शेतं फार्महाऊसवाल्यांनी घेतलेली. शनिवार-रविवारी गाड्या आणि गाणी, बाकी दिवस कुलपं आणि कुत्री. एसटीची वेळ झाली की भिवाजी स्टँडवर जाऊन उभा राहायचा. कुणी त्याचं येणार नव्हतं. कोण उतरतंय ते बघायला जायचा, एवढंच.

आता तो सकाळी उठून बांधकामावर जाऊ लागला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. पाया भरला, भिंती आल्या, स्लॅब पडला. कट्टा बांधून झाला तेव्हा त्यावर पाणी मारायचं काम त्यानं आपणहून घेतलं. सिमेंट ओलं ठेवायला लागतं, हे त्याला मुकादम जालिंदरनं सांगितलं. हा उरवड्याचा गडी, तोंडानं फटकळ पण मनानं बरा. भिवाजी सकाळ-संध्याकाळ कट्ट्याला असं पाणी पाजायचा की जालिंदर म्हणायचा, "आबा, भात लावायचाय का त्याच्यावर?"

पण कट्टा सुकला आणि त्याचे हाल सुरू झाले. कामावरची परमुलखातली पोरं त्यावरच माल कालवायची, फरश्या कापायची, गुटखा खाऊन पिचकाऱ्या मारायची. भिवाजी ओरडायचा. पोरं "हां चाचा, हां चाचा" करायची आणि त्याची पाठ वळली की पुन्हा पच्च! कोपऱ्यात लाल डाग पडले, कड फुटली. भिवाजीचा जीव वर-खाली होऊ लागला.

मग त्याला सुचलं. त्याच्या बांधावर एक बसका, सपाट डोक्याचा धोंडा होता. वाडीवरच्या दोन पोरांना हाताशी धरून त्यानं तो ढकलगाडीतून आणला, कट्ट्याच्या मधोमध ठेवला आणि घरातला दसऱ्याचा उरलेला शेंदूर तेलात कालवून त्याला फासला. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली, थबकली, आणि एकेकानं पायातलं काढलं. थुंकणं बंद, माल कालवणं बंद. भिवाजी खाचराच्या बांधावर बसून एकटाच खो खो हसला. गोजरा गेल्यापासून तो असा हसला नव्हता.

उत्कर्षा पाहणीला आली तेव्हा तिनं भुवया चढवल्या. "आबा, हे काय?"

"राखण हाय. काम हुईस्तवर. मंग नेतो उचलून."

पण देव काय असा सांगितल्यावर उठतो? मधेच एकदा भिंतीला बांधलेल्या परांचीची फळी वरून सुटली आणि खाली उभ्या असलेल्या पोराच्या कानाजवळून गेली. पोरगा वाचला. संध्याकाळी धोंड्यापुढं नारळ फुटला. वाडीवरच्या बायका मंगळवारी फुलं घेऊन येऊ लागल्या. आणि जालिंदरनं तर प्रेमापोटी कहरच केला. काम उरकताना धोंड्याभोवती सिमेंट भरून, चारी बाजूंनी पांढऱ्या टाइल्स बसवून, तो म्हणाला, "आबा, तुमचा देव पक्का करून टाकला बघा. आता भूकंप आला तरी हलायचा न्हाई."

भिवाजीनं धोंड्याला हात लावून बघितला. खरंच हलत नव्हता.

खरं सांगायचं तर त्याला ते सगळं आवडायलाही लागलं होतं. बायका यायच्या, "आबा, परसाद घ्या" म्हणायच्या, दोन शब्द बोलायच्या. कुणी विचारायचं, देव कधी दिसला, स्वप्नात आला का. भिवाजी हं हं करायचा. ज्याच्या दारात आठवडा आठवडा कुणी फिरकत नव्हतं, त्याच्याभोवती आता माणसं होती. ती फुलं त्या धोंड्यावर पडली की तो ती हातानं नीट सारखी करायचा, का ते कुणाला सांगत नव्हता. एकदा एकाला तो म्हणाला होता, "आरं, ह्यो आमच्या बांधावरचा धोंडा हाय." तर तो माणूस हात जोडून म्हणाला, "देवानं तुमच्या हातून घडवलं, आबा." आता बोला! भिवाजीनं विषय सोडून दिला.

दवाखाना सुरू झाला. झकास झाला हो. मोठ्या खिडक्या, खेळती हवा, प्रत्येक खाटेवरून हिरवं दिसायचं. डॉक्टरीणबाई रोज हजर. आणि बाहेर तो लांबलचक, सावलीतला कट्टा, ज्यावर एकही माणूस बसत नव्हतं.

बसणार कसं? मधे देव. चपला घालून चढायचं नाही. बाळंतपणाला आलेल्यांना सोयर, घरात मयत झालेल्यांना सुतक, बायकांना महिन्याची अडचण. दवाखान्यात येतो तो यापैकीच कशात तरी असतो. माणसं कट्ट्याला लांबून नमस्कार करायची आणि फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला, उन्हात जाऊन उकिडवी बसायची. भिवाजी ते रोज बघायचा. रोज ठरवायचा, आज सांगू. मग कुणीतरी प्रसाद हातावर ठेवायचं, आणि दिवस जायचा.

एके दुपारी भिवाजी आला तर फाटकाबाहेर मल्हार बसला होता. धनगरवाड्यावरचा पोरगा, लग्नाला वर्ष नसेल झालं. गुडघ्यात डोकं, पायाशी पाण्याची बाटली. त्याची बायको करिष्मा आत होती. पहिली खेप. सासू तिच्याजवळ.

"हितं का बसलायस? आत कट्टा हाय."

"नगो आबा. देव हाय तितं. कवाबी सुटका हुईल, सोयेर लागंल. देवाला बाटवू का?" मल्हारनं तोंडावरचा घाम पुसला. "ती लई भ्यालीया. सारखी माजं नाव घेतीया म्हनं. पर बापयाला आत सोडत न्हाईत."

भिवाजीला समोरचं पोरगं दिसेना. त्याला टपरीमागचा क्रेट दिसला, नवी चादर दिसली. आणि हे सगळं आपण केलं, आपल्या हातानं शेंदूर कालवून केलं, ह्या विचारानं त्याची त्यालाच एवढी शिसारी आली की तो तडक आत चालू लागला.

कट्ट्यापाशी दोन बायका नारळ घेऊन उभ्या होत्या. भिवाजी चपलांसकट कट्ट्यावर चढला, त्यांच्या देखत वळला आणि त्या शेंदरी धोंड्यावर बूड टेकून बसला.

"अगं बया! आबा, डोस्कं फिरलं का काय? उठा आदी!"

"न्हाई उठत," भिवाजी म्हणाला. "ह्यो देव न्हाई. ह्यो माज्या बांधावरचा धोंडा. भाताची आवणी झाली की पाय पान्यात सोडून गोजरा ह्याच्यावर बसायची. कट्ट्यावर कुनी थुकू नये म्हून मी ह्याला शेंदूर लावला. आन् माज्यासंगं तिलाबी हितं बसायला जागा मिळावी म्हून हाच धोंडा आनला. खोटं बोलत आसंन तर काय व्हायचं ते मला हू द्या."

एक बाई तोंडाला पदर लावून मागं सरली. दुसरी जरा वयस्कर होती. ती धोंड्याकडं निरखून बघत राहिली. "व्हय गं," ती हळूच म्हणाली. "गोजरावयनी ह्याच्यावरच बसायच्या. मला तमाखू मागायच्या." तिनं नारळ पिशवीत घातला आणि दोघी गेल्या. जाताना तिनं लांबून हात जोडले. धोंड्याला की भिवाजीला, कुणास ठाऊक.

मल्हार फाटकातून हे सगळं बघत होता.

"ये," भिवाजी म्हणाला. "काय बाटत न्हाई. ये, बस."

मल्हार आला. भीत भीत, अगदी कडेला टेकला. मग त्यानं खिडकीतून आत पाहिलं. करिष्मानं उशीवर मान वळवली होती. तिला तो दिसला. तिनं काही केलं नाही, नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि कळ आली तेव्हाही तिनं नजर काढली नाही. मग तिला आतल्या खोलीत नेलं.

ऊन कलल्यावर नर्सनं हसत खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "करिष्माचं कोण आहे?"

"हाय की! हितंच हाय मी," मल्हार ताडकन उठला. चपला तिथंच टाकून अनवाणी धावत आत गेला.

भिवाजी उठला तेव्हा त्याच्या धोतराला मागं शेंदराचा मोठा डाग पडलेला होता. घरी त्यानं ते दोन-तीनदा घासलं. डाग निघाला नाही, मग त्यानंही नाद सोडला.

ही गोष्ट आठवड्यात खोरंभर झाली. काही माणसं भिवाजीशी बोलेनाशी झाली, प्रसाद तर बंदच झाला. माऊलीचा फोन आला, "आबा, लोकं काय काय बोलत्यात, तुमी हिकडं या." भिवाजी गेला नाही. कट्टा मात्र आता भरलेला असतो. डबे, पिशव्या, थर्मास, पेंगणाऱ्या म्हाताऱ्या. धोंडा टाइल्समध्ये घट्ट बसलाय, तो निघत नाही, आणि त्याच्यावर बसायला अजून कुणी धजत नाही. तेवढी जागा भिवाजीची. सकाळी येऊन तो तिथं बसतो. आतून दिवसभरात कुणाकुणाला हाका येतात, आणि ज्याचं नाव घेतलं तो उठून पळतो. त्यातलं एकही नाव आपलं नसणार, हे भिवाजीला पक्कं ठाऊक आहे. तरी हाक आली की तो मान वर करतो.