ऑर्नेला मॅडमना एकच टच

आमच्या हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या तलवारबाजीच्या क्लबात ट्रॉफ्या मोजक्याच, किस्से मात्र ढीगभर. ऑर्नेला मॅडम आल्यापासून तर ते ठेवायला जागा नाही! मॅडम इटलीच्या माजी चॅम्पियन. मुलीला इथं आयटीत नोकरी लागली, तिच्याबरोबर आल्या आणि रोज संध्याकाळी आम्हाला शिकवायला लागल्या. फुकट! वर उस्मानिया बिस्किटं पण त्याच आणायच्या. हिंदी मात्र त्या आमच्याकडून शिकल्या. म्हणजे काय शिकल्या असतील, बघा!

*

त्यांच्या गावातल्या बेकरीत म्हणे अजून त्यांचा फोटो आहे. हॉटेलात शिरल्या की लोक उठून उभे राहतात. आणि इथं सुलतान बाजारात तलवारींची लांब बॅग खांद्याला लावून निघाल्या, तर बांगडीवाला खेकसला, "ओ आंटी, बाजू हटो! गिराइकां आरे!"

मॅडम काय खूश! आठवडाभर भेटेल त्याला तेच ऐकवत होत्या. "यहाँ मेरेकू कोई नै पहचानता. क्या मजा!"

*

क्लबच्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस होता. साहेब हौसेनं मास्क चढवून मॅडमशी खेळायला उभे, बाजूला फोटोग्राफर. मी मॅडमच्या कानात सांगितलं, "आज त्यांच्या तलवारीचा एक टच अंगावर खाऊन घ्या ना. बर्थडे आहे."

"हौ," म्हणाल्या.

आणि साहेबांचा हात वर होईपर्यंत पाच वेळा टोचून मोकळ्या! वर मास्क काढून गोड हसत, "हॅपी बर्थडे, सर!"

मी नंतर कटकट केली, तर मलाच म्हणाल्या, "टच देते नै. लेना पडता!"

*

आता आमच्या सुलभाताई. आबिड्सला बँकेत मॅनेजर. गुडघे दुखतात म्हणून व्यायामाला आल्या आणि तलवारच धरून बसल्या. गुडघे अजून दुखतातच! पण ध्यास एकच, मॅडमना एक टच मारायचा.

टच लागला की तलवारींना वायरीनं जोडलेल्या पेटीवरचा दिवा पेटतो. ताई दर वेळी ओरडायच्या, "लागला! लागला!" मॅडम शांतपणे पेटीकडे बोट करायच्या. "डब्बा क्या बोला?"

डब्बा गप्प. "ही मेली पेटी माझ्यावर खार खाऊन आहे," म्हणत ताई वायरी तपासत बसायच्या.

मॅडमचं परत जायचं तिकीट निघालं, तेव्हा ताईंचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगतो, आम्हालाही वाईट वाटलं.

*

शेवटची संध्याकाळ. रिवाजाप्रमाणे दोघींनी तलवारी उंचावून एकमेकींना सलाम केला. पाच टचचा डाव. मॅडमचे चार झाले, ताईंचा भोपळा. मॅडम पाचव्यासाठी झेपावल्या. ताई गुडघे विसरून खाली वाकल्या, हात पुढे केला, आणि लाइट गेली!

पंखे बंद, पेटी बंद. लागला की नाही? आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय. या वेळी ताईसुद्धा ओरडल्या नाहीत. त्यांनी डोळेच मिटले होते!

मॅडमनी मास्क काढला आणि स्वतःच्या दंडावर बोट ठेवलं.

"डब्बा सो गया. मैं बोलती. लगा, ताई!"

तेवढ्यात लाइट आली. मॅडम पुढच्या टचसाठी आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

ताई मात्र तरातरा पेटीपाशी गेल्या आणि त्यांनी तिचा प्लगच उपटला.

"राहू दे," डोळे पुसत म्हणाल्या. "आता हिला कोण विचारतंय!"