गाडीचा ब्रेक आणि मशीनचं तेल

आमच्या गाडीचा ब्रेक ओरडतो हे मला दिवाळीपासून ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवलं माघ महिन्यात, आणि तेही मी नाही, परकरवाल्या शेठनी.

तेव्हा आम्ही बदलापुरात राहत होतो. हे शहाडकडच्या एका सुताच्या कारखान्यात ऑइलमन होते. हातात तेलाची डबी घेऊन यंत्रांच्या रांगांमधून फिरायचं, कुठं करकर ऐकू आली की तिथं तेल सोडायचं, हे त्यांचं काम. आत एवढा गोंगाट की माणसं एकमेकांशी हातानंच बोलायची. वीस वर्षं तिथं काढल्यावर हे घरीसुद्धा मोठ्यानं बोलत. मी मुळात हळू बोलणारी. त्यामुळे आमच्यात बोलणं असं फार होत नसे.

कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी पांढरी गाडी यांनी घेतली. तिचं सगळं काम हे स्वतः करत, रविवारी, अंगणात पोतं अंथरून. मेकॅनिककडे गाडी नेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मी शिवणकाम करायची. उल्हासनगरचे एक सिंधी शेठ कापलेले परकर स्कूटरवरून आणून टाकत आणि शिवलेले घेऊन जात. दिवसभर मशीनवर बसून कान तयार झाला होता. सुई बोथट झाली की टकटक वेगळी येते, बॉबिनमध्ये धागा गुंतला की वेगळी. उघडून बघायच्या आधीच कळतं.

गाडीचंही तसंच. हे फाटकापाशी गाडी थांबवत तेव्हा मागच्या चाकातून बारीक चिरका आवाज यायचा, पाटीवर नख ओढल्यासारखा. फाटक उघडायला मी जात असे, म्हणून तो अगदी माझ्या कानाशी यायचा. आधी वाटलं, यांनाही आला असणार. मग लक्षात आलं, फाटकाची बिजागरी किंचाळते तेव्हाही हे मान वळवत नाहीत. जाडे आवाज यांना ऐकू येत, बारीक येत नसत. ज्या माणसाची नोकरीच करकर ऐकण्याची, त्याला हे कसं सांगायचं? मी गप्प राहिले.

शेठ माल द्यायला आले होते आणि हे नेमके तेव्हाच गाडी घेऊन आले. शेठ हसत म्हणाले, "भाईसाब, आपकी गाडी को हॉर्न की क्या जरूरत? ब्रेक मारो, पूरी गल्ली बाजू हो जाती है।"

"हां, करना है। टाइम नहीं मिला," हे म्हणाले. जसं काही ठाऊकच होतं.

शेठ गेल्यावर यांनी मला विचारलं, "कसला आवाज?"

"बारीक येतो."

"कुठून?"

"मागून. डावीकडून, वाटतं."

"कधीपासून?"

"लक्ष नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं.

एरवी हे काम कधीही झालं असतं, पण पुढच्या गुरुवारी मुलीला बाळंतपणासाठी आणायचं होतं. तिचं सासर बारवी धरणाकडच्या गावात, भातशेतीचं घर. सातवा महिना सरला होता. एसटीचे धक्के नकोत म्हणून तिचे बाबाच गाडी घेऊन मुराळी जाणार होते. तो रस्ता वळणाचा, उताराचा, आणि कुठल्याही वळणावर म्हैस आडवी उभी असायची.

रविवारी यांनी कापडावर खुणा करायचा माझा खडू मागून घेतला आणि चारी चाकांवर एकेक रेघ ओढली. मी गल्लीत उभं राहायचं, हे गाडी हळू नेणार, आवाज आला की मी हात वर करायचा. बोलायचं नाही. मला ते बरं वाटलं.

समोरच्या वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय हो, ट्रॅफिक पोलीस कधीपासून झालात?" मी पदर सारखा केला, पण हात खाली घेतला नाही.

ब्रेक न लावता गाडी गेली तेव्हा काही आवाज नव्हता. ब्रेक दाबला की यायचा, म्हणजे दोष ब्रेकचाच. मग यांनी ब्रेक अगदी हलका दाबून गाडी नेली. डाव्या मागच्या चाकाची रेघ खाली आली की चिर्र, पुन्हा खाली आली की चिर्र. प्रत्येक चिर्रला माझा हात वर. बाकीची तीन चाकं गप्प होती.

यांनी जॅक लावून ते चाक काढलं. चाकाच्या आत लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतल्या दोन पट्ट्या फाकतात आणि ड्रमला आतून घासून धरतात. त्या घासण्यावरच गाडी थांबते. पट्ट्या झिजल्या होत्या. "अजून दोन महिने जातील," हे म्हणाले. मग एकामागून एक चारी चाकं काढली आणि आतली धूळ पुसली. मी मशीनवर येऊन बसले.

सोमवारी आवाज कमी झाला. मंगळवारी सकाळी अजिबात आला नाही.

"गेला ना?" यांनी खिडकीतून विचारलं.

"गेला."

हे खूश होऊन कामावर गेले.

दुपारी मशीनला तेल घालायला मी डबी घेतली तर ती रिकामी लागली, आणि बाजूला काळ्या बोटांचे ठसे. मी रविवारपासूनचं सगळं पुन्हा आठवून बघितलं. आवाज का गेला ते तेव्हा कळलं. पट्ट्या हलतात त्या सांध्यांमध्ये यांनी माझं मशीनचं तेल सोडलं होतं, कारखान्यात सोडत तसं. पण मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ. ते सांध्यात थोडंच राहतंय? ओघळून पट्ट्यांवर गेलं असणार. आता पट्ट्या घासतच नव्हत्या.

लग्न होऊन मी नवीन आले होते तेव्हा मशीनचा चामडी पट्टा कुईकुई करायचा. मी त्याला तेल चोपडलं. पाय मारला तर खालचं चाक फिरतंय, वरचं ढिम्म. हे पोट धरधरून हसले होते. "अगं, पट्ट्याला तेल लावतात होय? त्यानं धरायचं असतं."

हे मला आठवत होतं. यांना सांगायचं कसं, ते मात्र सुचत नव्हतं. गुरुवार परवावर आला होता.

बुधवारी हे लवकर सुटून घरी आले, तेव्हा मी गल्लीत आडवी खडूची रेघ ओढून उभी होते. आमच्या गल्लीला नदीकडे उतार आहे. रेघ त्या उतारावर होती.

"हे काय?"

"वरून या आणि इथं थांबवा."

"अगं, आवाज गेलाय."

"आवाज नाही ऐकायचा. थांबते कुठं, ते बघायचंय."

हे हसले, पण गाडी वर घेऊन गेले. खाली आले, रेघेच्या बऱ्याच अलीकडे ब्रेक दाबला. मला यांचा पाय दिसत नव्हता, चेहरा दिसत होता. गाडी रेघ ओलांडून शेजाऱ्यांच्या धुण्याच्या दगडापर्यंत गेली. आवाज काहीच नाही. हे गाडी पुन्हा वर घेऊन गेले. या वेळी ती दगडाच्याही पुढे गेली आणि हॅन्डब्रेक ओढला तेव्हा कशीबशी थांबली.

हे आत तसेच बसून राहिले, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मी घरातून तेलाची डबी आणली आणि बॉनेटवर ठेवली. यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं.

"पट्टा," हे म्हणाले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी यांना पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी यांनी रजा टाकली आणि उल्हासनगरहून मेकॅनिकला घरी घेऊन आले. मुलीला आणायचं रविवारवर ढकललं, तसा निरोप दूधवाल्याबरोबर पाठवला. मेकॅनिकनं ड्रम काढला आणि पट्टी बोटानं पुसून ते बोट यांना दाखवलं. "तेल पी गया है। धोने से नहीं जाएगा, सब नया डालो।" मग डाव्या मागच्या चाकाकडे वळला. तिथली पट्टी इतकी झिजली होती की तिचे रिव्हेट बाहेर येऊन ड्रमला लागत होते. ड्रमवर गोल ओरखडा पडला होता.

"ये एक-दो हफ्ते का नहीं है। आवाज कबसे था?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात चहाचे कप घेऊन उभी होते.

"दिवाळीपासून," मी म्हटलं.

मेकॅनिक यांच्याकडे वळला. "और आपको सुनाई नहीं दिया?"

यांनी खाली वाकून त्याला पाना दिला. मी कप ठेवून आत गेले. वाटलं, आता रागावतील. रागावले नाहीत.

शनिवारी जेवताना म्हणाले, "उद्या तूही चल."

"मी कशाला? ती दारात आली की तुकडा ओवाळायला कुणी नको?"

"समोरच्या वहिनी ओवाळतील. तू पुढं बस." मग ताटाकडे बघत म्हणाले, "मला येत नाही ऐकू."

विहीणबाईंनी आम्हाला दारातच धरलं. "या वेळी मुराळ्याबरोबर मुराळीण पण? आमच्यावर विश्वास नाही की त्यांच्यावर?" मी हसले फक्त. त्यांनी पोरीच्या ओटीत नारळ घातला, तिला मागच्या सीटवर उशी लावून दिली.

"आई, मागं ये ना माझ्याजवळ," ती म्हणाली.

"नको, इथंच बरी आहे."

धरणाचा उतार लागला. खाली वळणावर दोन म्हशी निवांत उभ्या होत्या. यांनी लांबूनच ब्रेक दाबला आणि क्षणभर माझ्या हाताकडे बघितलं. मी काच खाली करून ऐकत होते. टायरखाली खडी वाजत होती, मागं पोरीच्या बांगड्या वाजत होत्या, दुसरं काही नव्हतं. गाडी म्हशींच्या बरीच अलीकडे थांबली. मी हात मांडीवरच ठेवला होता.