कुलूपमामांची जीभ

केस कापणाऱ्याने गप्प बसायचं म्हणजे आचाऱ्याने उपास धरण्यासारखं आहे. स्वतःला त्रास आणि गिऱ्हाइकाला संशय. गळ्याभोवती कापड गुंडाळून कात्री कानाशी वाजू लागली की भलेभले सासऱ्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे वाभाडे काढतात आणि मग आरशातूनच हळूच विचारतात, "तुमच्या कानावर काय आलंय?" या प्रश्नावर कित्येक दुकानं चालतात. केस कापणं हे आपलं निमित्त.

आमच्या बाजारातले केस कापणारे मामाही एकेकाळी या विद्येत पारंगत होते. कोणाचं कोणाशी बिनसलंय हे त्या दोघांच्या आधी मामांना कळायचं. पण एका रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी जिभेवर प्रवचन दिलं आणि ते नेमकं मामांच्या वर्मी लागलं. घरी येऊन त्यांनी गुडघे टेकले आणि प्रभूला शब्द दिला की खुर्चीत बसलेल्या माणसाचं गुपित माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. मामी म्हणाल्या, विडी सोडा म्हटलं तर सुटत नाही, ही सवय काय सुटणार? विडी खरंच सुटली नाही. ही मात्र सुटली.

धंदा आपटला. गप्पांचे शौकीन रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊ लागले. बाजाराने त्यांचं नाव 'कुलूपमामा' ठेवलं. सगळ्यात मोठी परीक्षा पाहिली खुद्द पाळकसाहेबांनी. दाढीला फेस लावून झाला की ते अगदी सहज विचारायचे, आपल्या मंडळीत हल्ली काय चाललंय? मामा म्हणायचे, "साहेब, ओठ मिटा, वस्तरा वरच्या ओठावर आहे." पाळकसाहेबांना आपलंच प्रवचन असं परत मिळायचं.

पुढे काही गिऱ्हाइकं परतली, ती मात्र वेगळ्या जातकुळीची. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही होतं, अशी. त्यातलेच एक बॅगवाले. प्रवासी बॅगांचं मोठं दुकान, व्यापारी संघाचं अध्यक्षपद आणि डोक्यावर दाट, काळेभोर, कपाळावर झेपावणारे केस. ते केस त्यांचेच होते, म्हणजे पैसे त्यांनीच मोजले होते. बाजार बंद असेल त्या दिवशी ते मागच्या दाराने यायचे. मामा केसांचा टोप उतरवून धुवायचे, कपाळापाशी नवी चिकटपट्टी लावायचे आणि कडा अशा बेताने कातरायचे की बॅगवाल्यांच्या बायकोलाही त्यात खोट दिसू नये. हे मी आज उघडपणे लिहितोय, कारण पुढे एका उन्हाळ्यात बॅगवाल्यांनीच वैतागून तो टोप कायमचा उतरवला आणि आता ही सगळी हकिगत तेच चहा पाजून रंगवून सांगतात. मामा अजूनही विषय निघाला की खिडकीबाहेर बघत बसतात.

तर या बॅगवाल्यांना मामांच्या कोपऱ्यावरच्या गाळ्याचा मोह पडला. तो त्यांच्या दुकानाला खेटून होता. मधली भिंत पाडली की दुकान दुप्पट. इमारत संघाची, त्यामुळे सभेत हात वर झाले की मामांची रवानगी मागच्या गल्लीत. बरं, तसं सरळ सांगावं की नाही? नाही. त्यांनी तक्रार लिहिली की केशकर्तनालयातून उडणारे केस आमच्या बॅगांवर येऊन बसतात, आणि उडत्या केसांचा हा उपद्रव आता सहन होत नाही.

उडत्या केसांचा उपद्रव! तेही कोणी म्हणावं? तक्रार वाचून मामा इतके हसले की गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा गेला. मग तक्रारीचा कागद घडी करून त्यांनी खिशात घातला. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोललं असतं तर अख्खा बाजार त्यांच्या बाजूने हसला असता, आणि ज्याला बाजार हसतो त्याचा ठराव कोण पास करणार? बोलले नाहीत तर बापाच्या वेळचा गाळा हातचा जाणार होता.

शेजारचा चष्मेवाला रोज येऊन डिवचायचा. मामा, त्याचं काहीतरी तुम्हाला ठाऊक आहे, चेहराच सांगतोय. कान करतो पुढे, कुजबुजा. आपण प्रार्थनेला जाणारी माणसं, मान्य, पण देवाने तोंड काय नुसतं जेवायला दिलंय? मामींचा राग निराळाच होता. नवऱ्याच्या पोटातलं बायकोलाही कळू नये म्हणजे काय? मामा म्हणाले, "अगं, तुला सांगितलं तर तुझ्या बहिणीला कळेल, आणि तुझ्या बहिणीला कळलं की मग वर्तमानपत्राची गरज नाही." दोन्ही वेळचं जेवण त्यांनी त्या दिवशी स्वतः वाढून घेतलं.

सभेला गर्दी झाली. उकाडा मरणाचा. कोणीतरी पंखा पूर्ण वेगाने सोडला आणि बॅगवाले नेमके त्याच्या खाली बसले होते. भांडण सुरू झाल्यापासून त्यांचं मागच्या दाराने येणं बंद, म्हणजे चिकटपट्टी जुनी. त्यांनी उडत्या केसांवर भाषण सुरू केलं. आणि मामांना दिसलं, एकट्या मामांनाच दिसलं, की कपाळावरची डावी कड उचलली जातेय. आता बोलण्याचीही गरज नव्हती. दिलेला शब्द शाबूत, जीभ स्वच्छ. नुसतं बसून राहायचं, उरलेलं काम पंखा करणार होता. सैतानाने इतकी सोयीची व्यवस्था क्वचितच कोणासाठी केली असेल.

मामा उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

सभेत ओरडा झाला. चष्मेवाला म्हणाला, डोकं फिरलं का तुमचं? मामा बटणाला पाठ लावून उभे राहिले, घामाने निथळत, आणि हटले नाहीत. ठराव मतदानाला आला तेव्हा जे दोघंतिघं त्यांच्या बाजूचे होते, त्यांनीही उकाड्याच्या रागाने मामांच्या विरुद्ध हात वर केले. गाळा गेला.

जिन्यात बॅगवाल्यांनी त्यांना गाठलं. एक हात कपाळावर दाबलेला. आवाज खाली आणून विचारलं, "पंखा का बंद केलात? मी तुमचा गाळा घेतोय, मामा."

"घ्या," मामा म्हणाले. "गाळा तुम्हाला घेता येतो, हात वर झाले की झालं. पण मला तुमच्यासारखं करून सोडाल, तर ते जमायचं नाही. आणि उपकाराखाली वाकू नका, हे तुमच्यासाठी केलेलं नाही. मी गुडघे टेकतो ते एकाच्याच पुढे. तुमच्यापुढे नाही, आणि माझ्या रागापुढे तर नाहीच नाही."

बॅगवाले काहीतरी पुटपुटले, ते मामांनी ऐकूनही घेतलं नाही. खाली येऊन त्यांनी विडी पेटवली.

मागच्या गल्लीतलं दुकान अरुंद निघालं. आरसा आडवा लावावा लागला आणि खुर्ची पूर्ण फिरेना. दार एकच, तेही थेट रस्त्यावर उघडणारं. मामांनी सामान लावता लावता त्या दाराकडे बराच वेळ बघितलं आणि मामींना म्हणाले, इथे एक जाड पडदा शिवून दे, आतलं बाहेर दिसायला नको.

"कोणासाठी?"

"येईल एक गिऱ्हाईक."

मामींना गुपित माहीत नव्हतं, पण नवरा माहीत होता. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तो अध्यक्षच ना? ज्याने आपल्याला इथे आणून टाकलं, त्याच्यासाठी मी पडदा शिवू?"

"प्रभूने वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलंय. तो आवडायलाच हवा, असं कुठे म्हटलंय?"

मामींनी मशीन पुढे ओढलं. पडदा शिवून होईपर्यंत त्या बॅगवाल्यांच्या घराण्याबद्दल जे जे बोलल्या ते इथे लिहिता येत नाही, पण शिवण मात्र सरळ आली.