सोनपेठची टपालाची पिशवी

आता सोनपेठचे अहवाल ईमेलवर येतात आणि मी त्यांच्या प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवतो. पूर्वी ते खाकी पिशवीतून एसटीने परभणीला यायचे. तिकडच्या ऑफिसात टपाल बघणाऱ्या बाई ती पिशवी कंडक्टरच्या हाती द्यायच्या. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. हिवाळ्यात त्या अहवालांखाली हरभऱ्याचा टहाळ घालायच्या. झेरॉक्समध्ये बिघडलेले पाठकोरे कागद मी त्यांच्या मुलीला लिहायला पाठवायचो.

एकदा त्या मीटिंगला आल्या आणि झेरॉक्सच्या खोलीच्या दारात थांबल्या.

"तुमीच का ते टपालवाले भाऊ? मला वाटलं, लय म्हातारे असाल!"

मी चहा सांगितला. मुलगी नर्सिंगला गेली, हे त्या कौतुकानं सांगत होत्या. मध्येच मशीनकडं बघून म्हणाल्या, "ह्याच्यावर हात ठेवला तर हाताची बी झेरॉक्स निघती का?"

"ठेवा की."

त्यांनी काचेवर पंजा ठेवला, मी बटण दाबलं. बांगड्यांसकट उमटलेला हात बघून त्या खुदकन हसल्या. "पोरीला दाखवते," म्हणत त्यांनी तो गरम कागद पर्समध्ये ठेवला आणि मीटिंगला पळाल्या.

पुढं त्या निवृत्त झाल्या. कधी वाटतं, एखाद्या दुपारी बस धरून त्यांच्या घरी चहाला जावं.