न मोजलेला एक्सल

बोईसरच्या भंगारात आप्पांनी तो मागचा एक्सल पाहिला, त्याचा ड्रम हाताने एकदा फिरवला आणि म्हणाले, "हाच. चढव टेम्पोत." मी शेजारीच उभी होते. मला दुपारच्या पाळीला जायचं होतं, म्हणून मीही घाई केली.

आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी साताऱ्याकडून तारापूरला कामाला आले, पण कारखान्यात त्यांचं मन रमलं नाही. मग पालघर रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि तिथेच त्यांचं आयुष्य गेलं. आई वारल्यावर घरात आम्ही दोघंच. मी औषधांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजात. पाने, जॅक, ग्रीस यांत वाढलेली, त्यामुळे गाडीखाली शिरायला मला कधी संकोच वाटला नाही.

गाडी मासवणच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावरच्या एका माणसाची होती. चारही चाकांवर चालणारी जुनी पिकअप. पाड्यावर दुसरी गाडी नव्हती. भाजी, खताच्या गोणी, वीटभट्टीवर निघालेली कुटुंबं, आजारी माणसं, सगळं तीच वाहायची. ओढ्यातल्या दगडावर आपटून तिच्या मागच्या एक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचाला, तडा गेला होता. तेल गळून गेलं आणि आतले दाते खाल्ले गेले. इतक्या जुन्या गाडीचा नवा एक्सल कुठे मिळणार? म्हणून भंगारात शोधायचा.

"वही गाड़ी है चाचा, सिर्फ आगे से ठुकी है," भंगारवाला म्हणाला. भंगारातली ती गाडी दिसायला तशीच होती, पण ती फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी निघाली. हे आम्हाला नंतर कळलं.

चार चाकांवरच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या दात्यांचं प्रमाण एकच असावं लागतं. नाहीतर पुढची चाकं एका वेगाने जायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि गाडी जागच्या जागी आवळली जाते. हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. भंगारातला एक्सल घेण्याआधी ते खिशातून खडू काढत, ड्रमवर एक रेघ आणि इंजिनाचा जोर आणणारा शाफ्ट जोडतात त्या तोंडावर एक रेघ ओढत आणि फेरे मोजत. त्या दिवशी खडू निघाला नाही. मला ते दिसलं.

"मोजायचं नाही का?" एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. घाई होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी तेल न भरताच एक इंजिन चालू करायला सांगितलं होतं. मी थांबवलं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर त्यांच्या बारीकसारीक चुका मी न बोलता निस्तरू लागले होते. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली तर दोनदा उत्तर द्यायचं. ही चूक बारीक नव्हती, पण मी तिलाही त्यातच धरलं.

एक्सल बसवायला दोन दिवस लागले. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, ब्रेकच्या नळ्या सोडवल्या, शाफ्ट खाली काढला. गंजून बसलेले यू-बोल्ट शेवटी कापावे लागले. जुना एक्सल आप्पा, मी आणि पाडेवाला अशा तिघांनी मिळून बाहेर ओढला, नवा स्प्रिंगच्या पाट्यांखाली सरकवला. तो भोकाला भोक जुळून बसला तेव्हा आप्पा किती खूश झाले! रस्त्यावर एक चक्कर मारून पाडेवाला म्हणाला, "काका, जोर वाढला हो गाडीचा."

"वाढणारच," आप्पा म्हणाले.

दात्यांचं प्रमाण बदलल्याशिवाय जोर वाढत नाही, हे खरं तर तेव्हाच दोघांनाही खटकायला हवं होतं.

पंधरा-वीस दिवस तो आला नाही. श्रावण सरता सरता एका सकाळी गाडी दारात उभी राहिली. तिची एक बाजू खरचटलेली होती. तो खाली उतरला, आणि मला दिसलं की त्याने डोक्याचे केस काढले आहेत.

"आय गेली," तो म्हणाला.

आप्पा स्टुलावरून उठले. "कधी? काय झालं?"

"ताप व्हता. दम लागला. तिला पालघरला न्यायला निगालो. वढा वलांडला आनि चढाला गाडी चार चाकांवर टाकली, तर गाडी कोनी मागून धरल्यासारी अडली. इंजिन बंद पडं. परत दोन चाकांवर घेतली, तर घसरून चरात गेली. मग आमी चौघांनी आयला चादरीत घालून रस्त्यापत नेली. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी गेली." त्याने गाडीकडे बोट दाखवलं. "काका, जरा बगा ना काय झालंय तिला. सपाटीला बरी चालते."

त्याच्या बोलण्यात कुठेही राग नव्हता. तो खरोखरच काय बिघडलं ते विचारायला आला होता.

एक्सलचं प्रमाण जुळत नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. आप्पांकडे बघायचा धीर होईना. पण खडू त्यांनीच मागितला. मागची दोन्ही चाकं आम्ही उचलली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, आणि आप्पा गाडीखाली शाफ्टजवळ आडवे. आम्ही दोन्ही चाकं बरोबरीने एक पूर्ण फेरा फिरवली.

"पाचाला थोडा कमी," खालून आवाज आला.

मग पुढची चाकं उचलली.

"चार." थोड्या वेळाने, "चार आणि थोडं. परत फिरवा."

आम्ही परत फिरवली. आणखी एकदा फिरवली. आप्पा खालून बाहेर येईनात. मी वाकून पाहिलं. ते पाठीवर पडून होते, खडू हातात, डोळे उघडे.

"मी मोजलं नव्हतं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा."

"तू होतीस ना तिथे?"

"होते."

बाहेर येऊन त्यांनी हात धुतले, पाडेवाल्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. त्याने घाईने ते हात धरून खाली केले. "काका, असं नका करू. चुकतं मानसाचं." मला मात्र तो गॅरेजबाहेर येऊन हळूच म्हणाला, "ताई, डाक्टर बोलला, लवकर आनली असती तरी वाचली नसती." तो खरं सांगत होता की आमच्यासाठी बोलत होता, हे मला आजही कळलेलं नाही.

योग्य एक्सल शोधायला मला तीन आठवडे लागले. तो वसईकडे एका भंगारात सापडला. तिथे मी स्वतः दोनदा मोजून घेतला. बसवलाही मी आणि पाडेवाल्यानेच. आप्पा घरात खाटेवर बसून होते. मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "तुझं तू कर. मला विचारू नकोस." चाचणीला आम्ही गाडी त्याच ओढ्यापलीकडे नेली. तो चढ ती सहज चढली. वर पोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं.

त्यानंतर आप्पांना डॉक्टरांकडे नेलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, असं त्यांनी सांगितलं. मला नवल वाटलं नाही. गॅरेज दिवाळीआधी बंद केलं. हत्यारं अजून घरात आहेत.

आप्पा आता माझं नावही कधी कधी विसरतात. पण कुणी मोटारीचं काम विचारलं की घाबरल्यासारखे हात मागे घेतात. का, ते त्यांना सांगता येत नाही.

पाडेवाला महिन्यातून एकदा येतो, पालघरला भाजी उतरवून झाली की. आप्पांशेजारी बसतो, चहा घेतो. आप्पा प्रत्येक वेळी त्याला विचारतात, "घरी कोण कोण असतं?"

तो सांगतो, "बायको, दोन पोरं, आनि आय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि आप्पांना म्हणाला, "बरी हाय आय."